पत्ता कोणी द्यायचा

“आधी तार जुळते, मग ओळख पटते, मग पत्ते ठरतात. हे तिसरं होईपर्यंत ‘झालं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही,” असं तिला काम शिकवणारे वस्ताद सांगायचे. आज तिने तो नेमका काढला होता.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ती मोडेमसमोर बसली होती. डोंगरापलीकडच्या छोट्या दवाखान्यात, दुसऱ्या मोडेमसमोर, तिची मोठी नणंद होती; ती तिथली परिचारिका. परवाच्या वादळात मोबाइलचा टॉवर आडवा झालेला. उरली होती दोन्ही टोकांना जोडणारी एकच जुनी तांब्याची तार, आणि बोलायला वायरलेस. पलीकडे एका शिक्षकाच्या छातीत सकाळपासून कळा येत होत्या. त्याच्या हृदयाचा आलेख इकडच्या डॉक्टरांनी पाहिला, तरच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरणार होतं. उगाच दिलं तर रक्तस्राव, उशिरा दिलं तर माणूस हातचा जाणार. डॉक्टर तिच्या पाठीशीच उभे होते.

“वन्सं, तार जुळली, ओळख पटली. झालं. पाठवा आलेख.”

“पाठवतेय गं, पण हे ढिम्म हलत नाही. ओव्हर.”

“घरच्या घरी कसलं ओव्हर?”

“मग मी बोलायची थांबले हे तुला कळणार कसं? तुझा नवरा तर म्हणतो, मी थांबतच नाही. ओव्हर.”

डॉक्टर हसले नाहीत. तिने मोडेमची नोंदवही पडद्यावर उघडली. तार उघडत होती, परवलीचा शब्द जुळत होता, आणि आयपी पत्ते, म्हणजे दोन्ही यंत्रांचे आकडी पत्ते, ठरवायची वेळ आली की सगळं मोडत होतं. पत्ते ठरवण्याच्या या नियमांना नेटवर्क कंट्रोल प्रोटोकॉल म्हणतात. काम सोयरीक जमवण्यासारखंच: एकाने मागायचं, दुसऱ्याने ‘मान्य’ म्हणायचं, नाहीतर ‘ते नको, हे घ्या’ म्हणायचं. इथे तिचं टोक म्हणत होतं, माझा पत्ता शून्य, तुम्हीच द्या. पलीकडचंही अक्षरशः तेच म्हणत होतं. द्यायला कोणाकडेच काही नव्हतं.

“वन्सं, पत्त्याच्या रकान्यात काय भरलंत?”

“शून्य. तू मोठ्या इस्पितळातली. म्हटलं, पत्ता तूच देशील. तू काय भरलंस?”

“शून्यच. तुम्ही मोठ्या. तुम्हाला मी कसा पत्ता देणार?”

तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ‘तुम्ही ठरवा’, ‘छे, तूच ठरव’ यात दोघींनी बैठकीच्या खोलीला अजून पडदे लागू दिले नव्हते.

“अगं, माझा मान मला घरी दे. इथे मास्तर घामाघूम झालाय.”

तिची बोटं पळू लागली. स्वतःच्या टोकाला शेवटी एक असलेला पत्ता, पलीकडे द्यायला शेवटी दोन असलेला. तिने तार सोडली, पुन्हा जोडली. ओळख पटली. पलीकडून आलं, शून्य. तिच्या टोकाने सांगितलं, शून्य नको, हा दोन घ्या. पलीकडून परत विचारणा, दोन चालेल? मान्य. तिचा एक पलीकडे गेला आणि तसाच होकार घेऊन आला. ‘झालं’ मात्र तिने या वेळी तोंडातून काढलं नाही.

मग पडद्यावर आलेखाची पहिली रेघ उतरली. दुसरी. तिसरी. डॉक्टर तिच्या खांद्यावरून इतके वाकले की त्यांचा चष्माच घसरला.

“द्या इंजेक्शन. आत्ता, लगेच.”

पुढची चाळीस मिनिटं तिने मनात देवाचं नाव सोडलं नाही. मग वन्संचा आवाज आला, “कळ उतरतेय. मास्तर केसपेपरवरच्या माझ्या अक्षराला नावं ठेवतोय. म्हणजे बरा आहे.”

आता कुठे डॉक्टर हसले. पण लगेच म्हणाले, “ठोके अजून बिघडू शकतात. संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी मला आलेख हवा. तार तुटता कामा नये.”

“नाही तुटू देणार,” ती हळूच म्हणाली.

पडद्यावर तारेतून येणाऱ्या चुकांचा आकडा मधूनमधून उसळत होता. वाऱ्याने कालव्याच्या पुलावरची तारेच्या सांध्याची पेटी हलत असणार, हे तिला ठाऊक होतं. पूल चालत पाच मिनिटांवर. नवा आलेख नीट उतरेपर्यंत ती थांबली, वायरलेस डॉक्टरांच्या हातात ठेवला, पक्कड आणि चिकटपट्टी पिशवीत टाकली आणि जिना चढून पुलाच्या दिशेने निघाली.