उजवा खिसा, डावा खिसा

"युद्धात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?" रीमनं विचारलं आणि आवाज टिपणारं बोटाएवढं यंत्र मामूलच्या, खजूर भरलेल्या बिस्किटांच्या, ताटलीशेजारी ठेवलं.

"हे ओदेतला विचार," नुहाद म्हणाली. "ती झुरळालाही घाबरते."

"ते उडणारं होतं," ओदेत म्हणाली. "आणि तुझ्याच खोलीतून आलं होतं."

रीम हसली. युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या घरी जायचं आणि मागे उरलेल्यांच्या आठवणी टिपून घ्यायच्या, हे तिचं काम. बैरूतमध्ये अशी घरं इतकी, की पोरीला सुट्टी म्हणून मिळत नसावी. या घरातून हसीब गेला होता. नुहादचा थोरला भाऊ, ओदेतचा नवरा. तिशीतला माणूस एका सकाळी सासऱ्याची औषधं घेऊन निघाला, तो परत आलाच नाही. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. ना प्रेत मिळालं, ना निरोप. म्हणून या घरात बिनसाखरेची कॉफी कधी झाली नाही. ती सुतकाच्या घरी देतात, आणि इथे सुतक कोणी धरलंच नव्हतं. डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा ओदेतनं कॉफीच सोडली.

ओदेत ख्रिस्ती, शहराच्या पूर्वेकडची; तिचे आईबाप तिथेच राहत. हे घर मुसलमानांचं, पश्चिमेकडचं. तिचे भाऊ कॅनडाला गेले, तिलाही बोलवत राहिले. तो आला आणि मी घरात नसले तर, असं म्हणून ती हलली नाही. नुहादचं लग्न दोनदा ठरत आलं होतं, पण ओदेतला एकटीला टाकून जायचं तिच्या जिवावर आलं. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी क्षणभर पटतही नसे.

आधी हलक्याफुलक्या गोष्टी झाल्या. तोफा सुरू झाल्या की अख्खी इमारत जिन्यात येऊन बसायची, कारण जिन्याला दोन्ही अंगांनी भिंत. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य एकदा अर्ध्याच दाढीचा साबण पुसून आले होते आणि उरलेली अर्धी दाढी त्यांनी तशीच दोन दिवस मिरवली.

"आणि ही," नुहाद म्हणाली, "मसूर करपतील म्हणून मधूनच वर गेली. गच्चीवर गोळा पडला, छताचा चुना खाली आला, आणि बाईसाहेब पातेलं घेऊन हजर. ते मसूर आम्ही चुना निवडून खाल्ले."

"मीठ बरोबर होतं," ओदेत म्हणाली.

तिघीही हसल्या. भीतीच्या गोष्टी अशाच सांगायच्या असतात, नाहीतर सांगताच येत नाहीत. हसता न येण्याजोगी गोष्ट एकच होती आणि ती ओदेत दर वेळी त्याच शब्दांत सांगे.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं," तिनं सुरुवात केली. "अगदी फालतू. पण त्यात तास गेला. तो सातला निघाला असता तर नाक्यावर रात्रपाळीचे बंदूकवाले होते, ते सोडायचे. आठला पाळी बदलली. मी त्याला पोचवायला दारातही गेले नाही. स्वयंपाकघरात नळ सोडून पाठमोरी उभी राहिले. दार वाजलं तरी वळले नाही."

एरवी ती इथे थांबे. आज ती यंत्राकडे वाकली. "नोंदवून घे, पोरी. त्याला मी मारलं."

हे खरं नाही, हे नुहादला माहीत होतं, आणि ती एकटीच ते जाणत होती.

तेव्हा ओळखपत्रावर धर्म छापलेला असे. शहराच्या दोन भागांमधल्या नाक्यांवर बंदूकवाले तेवढंच बघत आणि तेवढ्यावरच माणूस राहायचा की जायचा ते ठरे. हसीबकडे दोन ओळखपत्रं होती, एक स्वतःचं आणि एक ख्रिस्ती नावानं बनवून घेतलेलं. कोटाच्या आत उजव्या खिशात आपलं, डाव्या खिशात ते दुसरं, पूर्वेकडच्या नाक्यावर दाखवायला. नाक्यावर शोधाशोध केली की संशय येई, म्हणून खिसे ठरलेले. आदल्या संध्याकाळी नुहादनं त्याच्या कोटाला इस्त्री केली. ओळखपत्रं काढून टेबलावर ठेवली, नंतर परत घातली. तेवढ्यात वीज गेली होती, आणि कुठलं कुठल्या खिशात घातलं हे तिला कधीच आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या मागच्या गाडीचा ड्रायव्हर घर शोधत आला. ओदेत तापानं पडून होती, दारात नुहादच गेली. तो म्हणाला, तुमच्या माणसानं एक कार्ड दिलं आणि लगेच दचकून दुसऱ्या खिशात हात घातला. पण तोवर त्याला खाली ओढलं होतं. नुहादनं ड्रायव्हरला पाणी दिलं, दार लावलं आणि तोंडही मिटून घेतलं. ओदेतला एवढंच सांगितलं, की नाक्यावरून नेलं.

सांगायचं तिनं शंभरदा ठरवलं. दर वेळी वाटे, ही आज ऐकेल आणि उद्या कॅनडाला निघून जाईल. मग मी या घरात कोणाशी भांडू? अशी भित्री होती ती. पण आज ओदेतचं ते वाक्य यंत्रात गेलं होतं, कायमचं, आणि नुहादला ते सोसवलं नाही.

"तू नाही मारलंस," ती म्हणाली. "खिसे मी चुकवले." आणि तिनं इस्त्रीपासून ड्रायव्हरपर्यंत सगळं सांगून टाकलं, टेबलाकडे बघत.

ओदेतनं विचारलं, "कुठला कोट?"

"तपकिरी."

"तपकिरी तो घालून गेलाच नाही, नुहाद."

नुहादनं मान वर केली.

"त्यावरूनच तर भांडलो," ओदेत म्हणाली. "कॉलर विरली होती. माझ्या बापाच्या दारात हा घालून जाऊ नकोस म्हटलं, निळा घाल. तासभर वाद घातला आणि शेवटी तपकिरी पलंगावर फेकून त्यानं निळा चढवला."

नुहादला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. तिनं इस्त्री केलेला कोट घरातच राहिला होता. तिचा हात त्यात कुठेच नव्हता. छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि तिनं इतका मोठा श्वास घेतला, की रीमनं तिच्याकडे पाहिलं. एक प्रश्न, फक्त एक प्रश्न विचारला असता तर ही सुटका चाळीस वर्षांपूर्वीच झाली असती.

तेवढ्यात तिचं लक्ष ओदेतकडे गेलं. ओदेतचा उजवा हात स्वतःच्या छातीशी गेला होता.

"दोन्ही कार्डं एकदमच कोंबली त्यानं," ओदेत सावकाश म्हणाली. "तपकिरीतून काढली आणि रागात निळ्यात कोंबली. बघितलंसुद्धा नाही. मीच तर घालायला लावला तो कोट..."

तिचा चेहरा नुहादच्या डोळ्यांसमोर उतरत गेला. तासभराच्या उशिराचं ओझं तिनं कसंबसं वागवलं होतं. हे तिच्यानं वागवलं जाणार नव्हतं. नुहादनं आपलं ओझं उतरवून नेमकं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं.

"पुढचं ऐक," नुहाद म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला. "मी त्याला जिन्यात गाठलं होतं."

"कधी?"

"तू नळापाशी होतीस तेव्हा. निळा कोट बघून म्हटलं, कार्डं नीट आहेत ना? दाखव. दोन्ही बाहेर काढून बघितली. त्यानंच चुकीची ठेवली असती तर मी सरळ केली असती, पण त्याची बरोबर होती. मी परत घालताना उलटी घातली. त्याच्या समोर उभी होते ना, त्याचा उजवा तो माझा डावा. तो गेल्यावर लक्षात आलं. धावले, तोवर गाडी निघाली होती."

"मग आत्ता तपकिरी का म्हणालीस?"

"कारण तपकिरीचं निदान अंधारात झालं, असं म्हणता येतं. निळ्याचं भर उजेडात झालं."

ओदेत तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत भूकही होती, कोणीतरी हे खरं आहे म्हणावं अशी. नुहादनं नजर हलवली नाही. ती आयुष्यात पहिल्यांदा ओदेतशी इतकं सफाईनं खोटं बोलत होती.

"चाळीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवलीस," ओदेत म्हणाली.

"हो."

"मी दर रविवारी चर्चमध्ये त्याची माफी मागत आले. तू माझा हात धरून मला तिथवर सोडायचीस."

"हो."

ओदेत टेबलाचा आधार घेऊन उठली. नुहाद सवयीनं तिचं कोपर धरायला पुढे झाली, तसं ओदेतनं ते झटकलं. ती आपल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. मग आतून रडण्याचा आवाज आला; मोठा, मोकळा. इतक्या वर्षांत हसीबसाठी ती तशी एकदाही रडली नव्हती.

रीमनं हळूच विचारलं, "मावशी, हे ठेवू की पुसून टाकू?"

"ठेव," नुहाद म्हणाली. "आणि कोट निळा होता. ते नीट येऊ दे त्यात."