कपाटामागची ओल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट. माझी दारे सगळ्यांनी पाहिली आहेत, पाठ मात्र बरीच वर्षे कुणी पाहिली नव्हती. सांगायचे आहे ते तिच्याविषयीच.

एका सुताराने मला आपल्या मुलीच्या नव्या घरासाठी घडवले. मुलीने मला आतल्या खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीला अगदी चिकटवून उभे केले. नऊ वर्षे सुखाची गेली. आलेगेले दारावर टकटक करून म्हणत, "काम भक्कम आहे हं!" आणि मी मनातल्या मनात फुगे.

पुढे मी खरोखरच फुगले.

एक दिवस पाठीला गार लागले. भिंतीच्या पोटात पाइपाचा जोड सैल झाला होता. एक थेंब पडे, मग जरा वेळाने दुसरा. मला वाटले, वाळेल. वाळले नाही. भिंतीवर आधी राखाडी ठिपके उमटले, मग काळे, मग त्यांवर मऊ लव आली. ती बुरशी हळूहळू माझ्या पाठीवर चढू लागली. मला ओरडता येत नाही. माझी दारे घट्ट झाली, अंगाला कुबट वास येऊ लागला. मला सांगता आले ते एवढेच.

सुताराच्या त्या मुलीला आता एक लेक होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी थांबायची नाही. तिची खाट माझ्या शेजारीच होती. आधी तिला शिंका सुरू झाल्या, मग खोकला.

"धुळीत खेळते, दुसरं काय!" बाबा म्हणाले.

आईला खालच्या कप्प्यातल्या फ्रॉकवर काळे ठिपके दिसले. "ओला टॉवेल कोंबलास ना आत?"

"नाही गं आई, कपाटच ओलं आहे!"

"वर कपाटावर ढकलतेस?" आईला कामावर जायची घाई होती.

कोपऱ्यातून भिंतीचे पोपडे सुटू लागले. बाबांनी ते खरवडून वर रंग लावला. "झालं चकाचक!" पंधरा दिवसांत त्या रंगालाही फोड आले. खोकला वाढतच गेला. तिची प्रत्येक उबळ मला ऐकू येई. ती बुरशी लपवणारे मीच होते ना!

एका दुपारी भिंगरी शाळेतून आली आणि माझी मूठ धरून उभी राहिली. तिचा श्वास आत जाईना. ओठ निळसर पडले. "आई..." एवढेच ती बोलली. आईने तिला उचलले आणि ती तशीच अनवाणी धावली.

घर रिकामे झाले. भिंतीतला थेंब मात्र चालूच होता. तेवढा एकच आवाज ऐकत मी उभे होते.

संध्याकाळी ती तिघे परतली. भिंगरी बाबांच्या खांद्यावर होती, आता नीट श्वास घेत. आई म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का? ही कधीची सांगत होती हो!" तिने माझ्यातले कपडे भराभर बाहेर काढले. मग दोघांनी जोर लावून मला ओढले.

"अगं बाई!" भिंत काळीकुट्ट झाली होती. आई भिंगरीकडे वळली. "भिंगरे, तुला उगीच बोलले गं."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने घरातले सगळे नळ बंद करायला लावले आणि बाबांना पाण्याच्या मीटरपाशी नेले. "काटा फिरतोय बघा. नळ बंद आहेत, मग पाणी पितंय कोण?" न्हाणीघराच्या बाजूने भिंत फोडून त्याने तो जोड बदलला. "आधी पाणी थांबवायचं, मग भिंत सुकवायची, रंग सगळ्यात शेवटी. आणि कपाटामागे हात जाईल एवढी फट ठेवा."

भिंगरीला मावशीकडे पाठवले. नाकाला फडके बांधून बाबांनी ओला गिलावा पाडला. कितीतरी दिवस भिंतीवर पंखा चालू होता. मी गॅलरीत उन्हात उभे होते. माझ्या पाठीचे प्लायवूड बिस्किटासारखे तुटून निघाले.

"भंगारात देऊन टाकू," बाबा म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला.

आईने माझ्या फळ्या एकेक करून चाचपल्या. "सांगाडा धड आहे. पाठच नको याला. मागची भिंत दिसत राहू दे." भिंत सुकल्यावर तिच्यापासून वीतभर अंतर सोडून मला पुन्हा उभे केले.

मित्रांनो, कुबट वास आला तर त्यावर अत्तर शिंपडू नका. डागावर रंग फासू नका. अधूनमधून आम्हाला जरा पुढे ओढा आणि मागे बघा. आम्ही गप्प असतो, याचा अर्थ सगळे ठीक आहे असा नसतो.

भिंगरी परत आली, पण माझ्याजवळ येईना. उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपू लागली. तिचा खोकला जायला दोन महिने लागले, भीती जायला त्याहून जास्त. काल तिने शाळेचा गणवेश घडी करून माझ्या मधल्या कप्प्यात ठेवला, वाकून हुंगला आणि दार हळूच लोटून घेतले.