शेवटची संधी

तीनदाच विचारते ही चिप. चौथ्यांदा विचारायची सोय तिने ठेवलेलीच नाही.

पेठ नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात संध्या हे रोज गिऱ्हाइकांना समजावायची, आणि रोज कोणीतरी म्हणायचं, "अहो, काहीतरी करा ना!" स्क्रीन बदलता येते, स्पीकर बदलता येतो. सिमकार्डावरच्या त्या नखाएवढ्या सोनेरी चिपपुढे मात्र कोणाचं चालत नाही. कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं तरी चुकलेल्या पिनचा हिशोब तिच्याजवळच राहतो.

आज समोर ठमाबाई उभी होती. समोरच्या दवाखान्यात तिचा नवरा पुंजा पडला होता. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. संध्याकाळपर्यंत राहील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलगा गोटीराम गुजरातेत कामाला, आणि त्याचा नंबर फक्त या सिममध्ये. रात्री फोन बंद पडला, सकाळी चालू केला तर पिन मागू लागला. पुतण्याने हुशारी करून दोनदा आकडे दाबले, दोन्ही वेळा चुकले.

"आता एकदाच, मावशी," संध्या म्हणाली. "चुकलं तर कंपनीकडे जावं लागेल. आणि कार्ड आहे ते घेऊन देणाऱ्या मुकादमाच्या नावावर."

"तो मुकादम कुठं हाय, देव जाणे. पण पोरगा जाताना बाबाला बोलला व्हता, माझी जन्मतारीख दाबा."

"मग झालं की! कधी जन्मला?"

"चौऱ्याऐंशी साली. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

संध्या शेजारच्या सायबर कॅफेत धावली, त्या सालचा पोळा शोधून आली. कागदावरून पहिले दोन आकडे दाबले. तिसऱ्यावर अंगठा ठेवला, आणि ठमाबाईने तिचं मनगट धरलं.

"थांब पोरी. ही तारीख ह्यांना कोणी सांगितली असंल? आमच्याकडं पोळा ठाऊक, त्याला आकडा नाय."

संध्याने दाबलेलं पुसलं. आकडा कुठे असतो? शाळेच्या दाखल्यावर. तिच्या स्वतःच्या वडिलांच्या दाखल्यावरही होता, गुरुजींनी मनाने लावलेला.

"मावशी, गोटीरामचं नाव शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी कुठली तारीख लावली?"

"गुरुजींनी? सगळ्याच पोरांना एक जून लावली. अख्खा वर्ग एकाच दिशी जन्मला!" ठमाबाईला एवढ्यातही हसू आलं, आणि लगेच तिचा चेहरा पडला. "हीच असंल का गं?"

"माहीत नाही," संध्या म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमेना. ती शून्य एक, शून्य सहा दाबून थांबली. "तुम्हीच दाबा. हे हिरवं बटण."

ठमाबाईने डोळे मिटून दाबलं. स्क्रीन क्षणभर कोरीच राहिली. मग नावं उमटली. मोजून चारच होती.

दोघी फोन घेऊन रस्त्यापलीकडे धावल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच रिंग लागली.

"बाबा?" पलीकडून आवाज आला. "सकाळपासून फोन का बंद व्हता?"

"मी हाय, गोट्या." ठमाबाई पायऱ्या चढत म्हणाली. "बाबाची वाचा गेली रं. पण कान हायेत. तू बोल."

तिने फोन पुंजाच्या कानाला लावला. गोटीराम रडत होता, बोलत होता, गाडी किती वाजता आहे ते सांगत होता. पुंजाची मान हळूहळू त्या आवाजाकडे वळली.