गाडीचा अर्थ

धोंडू वायरमनला विजेबद्दल कोणी शिकवलेलं खपत नसे. गिरणीतल्या चारशे मागांवरचे दिवे वीस वर्षं त्याच्या तालावर नाचत होते, आणि नुकतंच महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा गिरणीच्या दारावरची रोषणाईही त्यानेच केली होती. त्यामुळे लेकीच्या वरातीच्या संध्याकाळी मोटारीतला इवलासा दिवा लागेना, तेव्हा त्याला तो दिव्याचा आगाऊपणा वाटला.

मोटार होती चाळीखालच्या डॉक्टरांची. मालनची वरात लालबागहून घोडपदेवला सासरी जायची होती, आणि ती आतला दिवा लावूनच जाईल, असं धोंडूने चाळीच्या तिन्ही मजल्यांना ऐकवून ठेवलं होतं. यात मिजास होतीच, पण कारण खरं होतं. त्याची बायको सुभद्रा बेचाळीस साली लग्न होऊन आली ती युद्धातल्या ब्लॅकआऊटमध्ये. वॉर्डनने गॅसबत्त्या विझवायला लावल्या, बँड गप्प झाला, आणि नवरी बदलली तर नाही ना, हे सासूने उंबऱ्यावर काडी ओढून पाहिलं. "माझी वरात कोणी बघितलीच नाय," हे वाक्य धोंडू अठरा वर्षं भाताबरोबर गिळत आला होता. पोरीची वरातही अंधारात गेली, तर पुढच्या अठरा वर्षांचं जेवण ठरलेलंच होतं.

त्याने छतातल्या दिव्याची काच काढली. बल्ब शाबूत. बॅटरीकडून आलेली एक तार दिव्यात शिरत होती, दिव्यातून निघून दाराच्या चौकटीतल्या एका बटणाशी संपत होती. तिथून परत जायला तारच नाही!

"दुसरी तार कुणी खाल्ली रे?"

डॉक्टरांचा ड्रायव्हर गंगाधर सावकाश तंबाखू मळत होता. "दुसरी नसतेच, धोंडूभाऊ. अर्थ बॉडीतून."

गिरणीत अर्थ म्हणजे जमिनीत पुरलेली तार. करंट चुकून यंत्रात उतरला तर माणसाला न धरता मातीत जावा म्हणून. हे धोंडूला झोपेतही पाठ होतं. त्याने वाकून चारही चाकं पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"गाडी उभी रबरावर. जमिनीला टेकलीय कुठं? तिला कसला आलाय अर्थ!"

"मोटारीचा अर्थ जमिनीत नसतो हो. बॅटरीचं दुसरं टोक बॉडीला बांधलेलं असतं. करंट दिव्यातून या बटणात येतो. दार उघडलं की बटण बाहेर येतं, आतली तार लोखंडाला भिडते आणि करंट बॉडीतूनच घरी परत. दार लावलं की बटण आत दाबलं जातं. संबंध तुटला, दिवा गुल."

"म्हणजे बटण दाबलं की दिवा विझतो? उलटी खोपडी! आणि एका तारेवर दिवा? एका हाताने टाळी वाजते काय?"

"दुसरा हात म्हणजे ही अख्खी गाडी." गंगाधरने टपावर थाप मारली. "परवापर्यंत तर लागत होता. तुम्ही काही केलंत काय?"

धोंडूने केलं होतं. चौकट गंजलेली होती. मालनच्या शालूला गंजाचा डाग पडू नये म्हणून काल त्याने बटण उपसून, भोकासकट, हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले होते आणि बटण पुन्हा रंगावरच ठोकून बसवलं होतं. आता बटण रंगाला भिडत होतं, लोखंडाला नाही. लेकीच्या काळजीपोटी त्याने लेकीचाच दिवा विझवला होता. स्वतःच्याच कानाखाली एक द्यावी असं त्याला वाटलं.

किल्लीने त्याने भोकातला रंग खरवडला, बटण बसवलं, आणि दिवा भक्कन लागला. चाळीने टाळ्या वाजवल्या, बँड सुरू झाला. मालन नवऱ्याशेजारी बसली. गंगाधरने दार लावलं, आणि दिवा गेला.

उघडलं, लागला. लावलं, गेला.

"आत वेगळी कळ असेल ना?"

"ती कधीच तुटलीय. दार उघडं ठेवून नेऊ?"

"पोरगी काळाचौकीच्या वळणावर सांडेल!"

पण हे ओरडतानाच धोंडूच्या डोक्यात उजेड पडला. बटणाचं काम काय, तर तारेची लोखंडाशी गाठ घालून द्यायची. मग मध्यस्थ हवाच कशाला? त्याने बटणाची तार सोडवली आणि चौकटीच्या स्क्रूकडे ओढली. बोटभर कमी पडली. वायरीचं बंडल गिरणीत, आणि बँडवाले तर निघालेसुद्धा.

"काय होया?" मागून सुभद्राने विचारलं.

"लोखंड. बोटभर."

तिने अंबाड्यातला आकडा उपसून त्याच्या हातात दिला. धोंडूने त्याचं एक टोक तारेत अडकवलं, दुसरं स्क्रूखाली दाबलं. दार लावलं. दिवा तसाच!

"अर्थ लागला!" तो एवढ्या जोरात ओरडला की बँडवाल्यांनी मागे वळून पाहिलं.

मोटार हलली. मुंडावळ्या, नथ, रडून लाल झालेलं नाक, सगळं तिन्ही मजल्यांना लख्ख दिसलं. सुभद्रा मोकळ्या केसांनी रस्त्यात उभी होती. "दिसली गो माझी बाय," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. धोंडूही रडला, पण विचारणाऱ्याला त्याने गॅसबत्तीचा धूर सांगितला.

सकाळी गंगाधर दारात. गाडी परत आणून उभी केली होती, पण आकडा काढायचं कोणाच्या ध्यानातच नव्हतं. दिवा रात्रभर जळून बॅटरी रिकामी. "हँडल मारून हात गळाले. गॅरेजपर्यंत ढकलायला लागेल."

चाळीतली दहा माणसं जमली. सुभद्रा आपला आकडा न्यायला खाली आली. मागचं दार उघडून वाकली, आकडा काढून अंबाड्यात खोवला, आणि मग घरी जायचं सोडून सीटवरच बसली.

"अगो, उतर ना. गाडी ढकलायचीय," धोंडू म्हणाला.

सुभद्राने पदर दोन्ही खांद्यांवर नीट घेतला, काच खाली केली.

"मग ढकला. आता दिवा नको, चांगलं उजाडलंय."

गाडी हलली. गॅलऱ्यांतून बायका वाकवाकून बघत होत्या, आणि सुभद्रा डावीकडे-उजवीकडे साऱ्या लालबागला तोंड दाखवत चालली होती. धोंडू मागून ढकलत होता. त्याला मागच्या काचेतून तिचा अंबाडा तेवढा दिसत होता.