मला करप्ट म्हणू नका

मी लेबलांची फाईल बोलतेय. नाशिकला पेठ नाक्याजवळच्या एका टायपिंग सेंटरमधल्या कॉम्प्युटरमध्ये मी राहते. माझ्या एका पानावर चोवीस लेबलं बसतात. आधी इथे टायपिंग करणाऱ्या दिशाताईने पट्टीने मोजून मला बनवलं. लग्न होऊन ती ओझरला गेली आणि मी ललितच्या हाती आले.

ललित मुलगा वाईट नाही. पण काही अडलं की तो आधी माझ्यावरच घसरतो.

मागच्या आठवड्यात सुरगाण्याच्या भागीबाई आल्या. त्यांच्या बचत गटाचे नागलीचे पापड प्रदर्शनात मांडायचे होते. एकशे साठ पाकिटं मांडवात येऊन पडलेली. पाचच्या आत लेबलं लागली नाहीत तर टेबल दुसऱ्या गटाला, असं तिथल्या साहेबांनी बजावलं होतं. बाईंनी मोजून दहा स्टिकरचे कागद आणले होते.

ललितने मला उघडलं. आदल्या दिवशी कुणीतरी पान दाखवायची पद्धत बदलून ठेवली होती. त्यामुळे माझ्या कागदाच्या कडा दिसेनात. चौकटीच्या रेघाही लपवलेल्या. नुसती अक्षरं इकडेतिकडे तरंगत होती.

"फाईल करप्ट झाली, मावशी," ललित म्हणाला.

माझं एक अक्षरही हललं नव्हतं! पण विचारतो कोण? त्याने स्टिकरचा कागद उचलला आणि माप घ्यायला चक्क स्क्रीनवर धरला. स्क्रीनवर मी दीडपट मोठी दिसत होते. कागदाशी जुळेना म्हणून त्याने माझे रकाने दाबून दाबून लहान केले. वर एंटर मारले, स्पेस मारल्या. भिंगातून माणूस मोठा दिसला म्हणून कुणी त्याचे हातपाय छाटतं का?

तीन कागद वाया गेले. गटाचं नाव दोन लेबलांच्या मध्ये, तारीख तिसऱ्यावर. उरलेल्या सात कागदांत जेमतेम भागणार होतं.

"आता एकबी कागद घालवू नको," भागीबाई म्हणाल्या. "आधी साध्या कागदावर काढ."

त्या घरी ब्लाऊज शिवतात. कागदावर बेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. छापलेला साधा कागद त्यांनी स्टिकरच्या कागदामागे धरला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात नेले. "बघ. तुझ्या टीव्हीत मोठं दिसतं, कागदावर बारीक हाय."

ललितचा चेहरा उतरला. त्याने दिशाताईला फोन लावला.

"तिला काही झालेलं नाही," ताई म्हणाली. "तू बघतोयस चुकीचं. सेव्ह न करता बंद कर, परत उघड. प्रिंट लेआउट लाव, शंभर टक्के कर, चौकटीच्या रेघा दाखव."

मी परत उघडले ती जशीच्या तशी. साधा कागद काढला, खिडकीत धरला. रेघेला रेघ लागली. सातही कागद नीट निघाले आणि सव्वाचारला भागीबाई रिक्षात बसल्या.

काल त्या पुन्हा आल्या. टेबल मिळालं, पापड संपले, आता आणखी लेबलं हवीत. ललितने मला शोधलं. त्याने माझं नाव ठेवलंय, 'करप्ट फाईल दुरुस्त ललित फायनल'.

भागीबाईंनी ते सावकाश वाचलं. "करप्ट म्हणजे काय रे?"

"बिघडलेली."

"मग आमची लेबलं बिघडलेल्यातून निघाली?"

ललितने प्रिंटरमध्ये कागद घातले. लेबलं छापून दिली. नाव मात्र अजून तेच आहे. तुमच्यापैकी कुणी त्या सेंटरात गेलात, तर तेवढं बदलायला सांगा.