अँब्युलन्सचं इंजिन

मागे सहा मोठ्या काचा उभ्या बांधलेल्या होत्या, म्हणून काचवाली चढावर पिकअप दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश नेत होती. आधी टकटक ऐकू आली. मग आतून कुणी घण घातल्यासारखा एकच आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. तिने उतरून पाहिलं तर रस्त्यावर तेलाचं थारोळं होतं आणि इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक. आतला दांडा तुटून बाहेर आला होता. काच मात्र एकही तडकली नव्हती.

गाडी ओढून तिच्या काचेच्या दुकानामागच्या शेडमध्ये आणली. मेस्त्रीने टॉर्च मारून पाहिलं आणि हात पुसले. "वीस वर्षांची गाडी, ताई. नवं इंजिन टाकलंत तर गाडीपेक्षा तेच महाग पडेल. हिला आता हात जोडा."

संध्याकाळी धाकटा दीर आला. नवरा चार वर्षांपूर्वी दुसरीबरोबर निघून गेला, तेव्हापासून दीर दर महिन्याला दुकान बंद करायचा सल्ला द्यायला यायचा. तो सल्ला फुकट होता, म्हणून भरपूर मिळायचा.

"वहिनी, आता तरी ऐका. भंगारवाल्याशी बोललोय मी, रविवारी येईल. तुम्ही माझ्या शोरूममध्ये काउंटरवर बसा. आईला मी घेऊन जातो."

"मला घेऊन जायला मी काय कपाट आहे?" सासूबाई आतून बाहेर येत म्हणाल्या. मोठा मुलगा निघून गेला त्या दिवशी नातेवाइकांनी त्यांना सामान बांधायला सांगितलं होतं. 'घर त्याने सोडलंय, मी नाही,' एवढंच बोलून त्या सुनेसाठी चहा टाकायला गेल्या होत्या.

"आई, गाडी मेलीये."

"इंजिन मेलंय. बाकी गाडी धडधाकट आहे."

"आणि बसवणार कोण?"

"मी," काचवाली म्हणाली. तोंडातून निघून गेलं खरं, पण मागे घ्यावंसं काही वाटलं नाही.

दीर हसला. "रविवारी येतो."

दुसऱ्या दिवशी ती जुन्या गाड्या तोडणाऱ्याच्या आवारात गेली. पिकअपला चालेल असं एकच इंजिन तिथे होतं, मागून धडक बसलेल्या एका अँब्युलन्समधलं. मालक म्हणाला, "राजासारखं इंजिन आहे. लाखात एक."

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध," ती म्हणाली आणि बाही सारून बसली. तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. पाणी तेलात मिसळलं की जमतो तसा पांढरा चिकटा कुठे नव्हता. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून तिने इंजिन हाताने फिरवलं. चारही सिलिंडरांपाशी पाना सारखाच जड झाला, म्हणजे आतला दाब शाबूत होता. हिला इंजिनातलं कळतं हे पाहून मालकाचा चेहरा पडला. दुकानाच्या नव्या पाटीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत सौदा पटला. पाटी जुनीच राहिली.

वजन उचलायचा चेनब्लॉक मेस्त्रीने उसना दिला. "पडलं तर माझं नाव सांगू नका," तो म्हणाला. शेडच्या ज्या तुळईला काचेच्या पेट्या टांगायचे, तिलाच साखळी लावून सासूसुनांनी जुनं इंजिन वर काढलं. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली तेव्हा कळलं, अँब्युलन्सच्या इंजिनाची तेलाची टाकी पुढच्या बाजूला होती. ती ॲक्सलवर आदळली असती. काचवालीने डोक्याला हात लावला.

"हात डोक्याला कशाला लावतेस, पान्याला लाव," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात बेअरिंगं बसवली होती. स्टुलावर बसून त्यांनी जुन्या इंजिनाची टाकी आणि ते गाडीत टेकायचे पाये काढून नव्याला चढवले. क्लचप्लेट नवी घेतली. ती मधोमध बसवायचं हत्यार परवडणारं नव्हतं, म्हणून झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून काम भागवलं.

शनिवारी दुपारी इंजिन खाली सोडलं, आणि गिअरबॉक्सपासून दोन बोटांवर ते अडून बसलं. ढकललं, हलवलं, हात सोलले. काचवालीने दात खाऊन लांब बोल्ट उचलले. "ओढूनच घेते आता. बघू कसं येत नाही."

"ठेव ते. बोल्टने ओढलंस तर गिअरबॉक्सची खोळ फुटेल आणि धाकट्याचं म्हणणं खरं होईल." सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "दाते खाचांसमोर आले नाहीत. मी पुली फिरवते, तू नुसती टेकून राहा. जोर नको."

त्यांनी पुली बोटभर फिरवली. आणखी थोडी. आणि इतका वेळ हटून बसलेलं ते धूड गपकन आत सरकलं. मग सासूबाई म्हणाल्या, "आता बोल्ट घाल."

रविवारी सकाळी दीर आला तेव्हा डिझेलच्या नळीतली हवा काढायचं चाललं होतं. मागून भंगारवाला त्याचा टेम्पो घेऊन आला. काचवालीने कुणाकडे न बघता किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. दीर भंगारवाल्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. तिने पुन्हा हवा काढली, पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी काळ्या धुराचा लोट उठला, शेडचे पत्रे थरथरले आणि इंजिन चालू झालं. एका रबरी नळीतून पाणी ठिबकत होतं. तिने क्लॅम्प आवळला.

"किती दिवस चालेल हे?" दिराने आवाज चढवून विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बंद पडलं की पुन्हा उघडू."

भंगारवाला खोळंबला होता. सासूबाईंनी त्याला जुन्या इंजिनाकडे बोट दाखवलं. "ते घेऊन जा. वजन माझ्यासमोर कर." मग मुलाकडे वळल्या. "एक बाजू तू धर. त्याला एकट्याला उचलवणार नाही."

दिराने इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बाह्या दुमडल्या.