ध्रुवची कॅसेट

"चालू करताय ना, काका?" कल्याणीने तिसऱ्यांदा विचारले.

"घाई असेल तर चौकात मोबाइलवाले बसलेत," बद्रीनाथ म्हणाले खरे, पण घाई त्यांनाच जास्त होती. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर त्यांनी जुना ध्रुव संगणक टीव्हीला जोडला होता.

चाळीस वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या दुकानात ते घरगुती संगणक विकत, दुरुस्तही करत. तेव्हा मयूर आणि ध्रुव या कंपन्यांची चांगलीच जुंपली होती. प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरलेले असत, पण एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रावर चालेल तर शपथ! खडकीच्या फॅक्टरीतले संभाजी गायकवाड मयूर घ्यायला आले आणि बद्रीनाथांनी छातीठोकपणे ध्रुव त्यांच्या गळ्यात मारला. चौदा महिन्यांत ध्रुव कंपनीने गाशा गुंडाळला. संभाजी एका शब्दाने बोलले नाहीत. ते न बोलणेच बद्रीनाथांना आजवर खुपत होते.

संभाजींना जाऊन तीस वर्षे झाली होती. मुलीसाठी, कल्याणीसाठी, त्यांनी लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम तिने आणलेल्या या कॅसेटवर होता. "दोन फोटो सोडले तर बाबांचं काहीच नाही आमच्याकडे. यात असेल ते सगळं हवंय मला," ती म्हणाली होती. फितीवरचा लेप सुटत चालला होता. एकदाच वाजेल, असे बद्रीनाथांनी तिला बजावले होते.

टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला लावून त्यांनी बटण दाबले. वायर लावली की स्पीकर बंद होतो, त्यामुळे खोलीत काहीच ऐकू येईना. पडद्यावर पट्टे थरथरू लागले. ध्रुव भंगार नव्हता, एवढे तरी दिसू दे, बद्रीनाथ मनात म्हणत होते. चार मिनिटांनी रोमन अक्षरे उमटली : नमस्कार कल्याणी.

"चालला! बघा, चालला!" ते जवळजवळ ओरडलेच.

कल्याणीने डोळे पुसले. "आता आवाज लावा ना."

"कसला आवाज?"

"आई सांगायची, बाबा कॅसेटवर आधी स्वतःच्या आवाजात प्रोग्रामचं नाव बोलायचे आणि मग पुढे प्रोग्राम भरायचे."

ध्रुव प्रोग्रामचे नाव दाखवत नसे, म्हणून गिऱ्हाइकांना ही सवय बद्रीनाथांनीच लावली होती. पहिले दहा सेकंद वायर काढून ठेवली असती, तर आवाज ऐकू आला असता. त्यांनी घाईने फीत मागे घेतली, वायर उपटली आणि बटण दाबले. नुसती खरखर. झाकण उघडले तर आत तपकिरी भुकटी पडली होती.

"गेला," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेला. मला माझा ध्रुव चालवून दाखवायचा होता. तुमच्या बाबांच्या वेळीही मी असंच केलं होतं."

कल्याणीने कीबोर्ड पुढे ओढला. पडद्यावर प्रश्न होता, सात आठे किती? बँकेत अधिकारी असलेल्या या बाईने चोपन्न असे उत्तर दिले.

पुन्हा करू या, बाळा, पडद्यावर आले. घाई नाही.

तिने पंचावन्न टाइप केले. मग सत्तावन्न.